गॅलरीत बसवलेला प्रोग्राम

ऑक्टोबर लागला की आमच्या भोईवाड्यात गाद्या उन्हाला येतात. पावसाळाभर अंगाखाली दमट होत गेलेल्या, मधे खड्डा पडलेल्या, कुबट वासाच्या गाद्या गॅलरीच्या कठड्यावर दुमडून टाकलेल्या असतात. खाली चौकात उभं राहून वर पाहिलं तर अख्खी चाळ डॉक्टरला जीभ दाखवत बसल्यासारखी दिसते. ऊन इतकं कडक की कठड्याला कोपर टेकवला तर चटका बसतो. कुणीतरी काठीने गादी बडवायला घेतं, धूळ उडते, मला शिंक येते आणि शिंकेपाठोपाठ पहिला संशय येतो, की ही धूळ नेमकी कुणाच्या गादीतली.

आज सकाळी पेडणेकर काकू बडवत होत्या. "काय गं शुभा, वाकून काय बघतेस?" त्यांनी विचारलं. "चप्पल सरळ करतेय काकू," मी म्हटलं. मी त्यांच्या तुळशीखालची बशी बघत होते. बशीत पाणी होतं. ऑक्टोबरात मी दुसऱ्यांच्या कुंड्यांखालच्या बशा बघत चालते, त्याला माझा नाइलाज आहे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, असं पालिकेचा माणूस दर वर्षी पिंपं तपासताना सांगून जातो. म्हणजे नुसत्या घाणेरड्या शेजाऱ्यांवर संशय घेऊन भागत नाही, काकूंसारख्या लख्ख शेजाऱ्यांवरही घ्यावा लागतो. काकू आत गेल्या तशी मी बशी उपडी केली आणि ऑफिसला निघाले.

माझा स्वभाव संशयी आहे. लोक हे स्वतःबद्दल लाजत सांगतात, मी तशी लाजत नाही. दूध उकळताना मी ते नासणार असंच धरून चालते. "तुमचं पार्सल अडकलं आहे" असा मेसेज आला की मला पार्सलची आठवण न येता पाठवणाऱ्याच्या सात पिढ्या आठवतात. आमची चाळ पाडून टॉवर होणार हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे, दोन वेळा पेढेही वाटून झालेत, मी दोन्ही वेळा पेढा खाल्ला आणि एकही शब्द खरा मानला नाही. हा स्वभाव आईकडून आला. फरक एवढाच, की आईला त्याबद्दल शेजारणींची बोलणी खावी लागली आणि मला त्याचा पगार मिळतो.

आईचा संशय पाहायचा तर तिला गादीवाल्यासमोर बसलेली पाहायला हवी होती. माझ्या लहानपणी ऑक्टोबरात गादीवाला यायचा. खांद्यावर ती कापूस पिंजायची लांबलचक धनुकली, तिची तार छेडत छेडत गल्लीतून जायचा. टंग, टंग. त्या आवाजाने दुपारची झोप मोडायची आणि बायका गॅलरीत यायच्या. आमच्या चाळीत दरवाजे दिवसभर उघडे, कुणीही कुणाच्या घरात जाऊन साखर घ्यावी, टीव्ही बघावा. पण गादीवाला, कल्हईवाला, धार लावणारा, यांना उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. ते गॅलरीत बसायचे. जी वस्तू हवी ती आतून बाहेर द्यायची, काम झालं की बघून, उलटसुलट करून मग आत घ्यायची. पाणी हवं तर पाणीही बाहेरच. यात कुणाला अपमान वाटत नसे, त्यांनाही नाही, निदान तसं आम्हाला वाटायचं.

आई कापूस काट्यावर तोलून बाहेर द्यायची. मग स्टूल टाकून दारात बसायची आणि पिंजणं संपेपर्यंत नजर हलवायची नाही. हवेत कापसाचे पुंजके तरंगायचे, गादीवाल्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, माझ्या नाकात सारखं काहीतरी हुळहुळायचं. गादी शिवून झाली की आई ती परत तोलायची. "पिंजल्यावर कापूस उडतो बाई, थोडा कमी भरणारच," तो म्हणायचा. "उडता तो उडांदे, तुझ्या पिशयेत जाता नये," आई म्हणायची. कापूस पिशवीत गेल्याचं मी एकदाही पाहिलं नाही. तरी पुढच्या ऑक्टोबरात काटा निघायचाच.

अशाच एका ऑक्टोबरात गावाहून दाजी आला होता. दाजी म्हणजे आईचा चुलतभाऊ, कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कामाला लागायचं म्हणून महिनाभर आमच्याकडे राहिलेला. स्वभावाने देवमाणूस. रस्त्यात सापडलेलं पाकीट मालकाच्या घरी पोचवून येणारा. त्याच्यापुढे काटा कोण काढणार? घराची किल्ली त्याच्याकडे, कपाट त्याला उघडं. तो कामावर जाताना नव्या गादीवरच चादर पसरून शर्टाला इस्त्री करायचा. त्या दिवशी त्याने इस्त्री गादीवर आडवी ठेवली, शर्ट घातला, आणि निघून गेला. बटण चालूच.

दुपारी आई बाजारातून आली तेव्हा चादरीवर फक्त एक तपकिरी त्रिकोण होता. तिने इस्त्री बंद केली, चादर भिजत घातली, दाजीला मनातल्या मनात दोन शब्द सुनावले आणि गादी गुंडाळून पलंगाखाली सारली. झालं, असं वाटलं. संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो तेव्हा शेजारच्या खोलीतून ओरडा आला. धूर त्यांच्याकडे निघत होता. आमच्या आणि त्यांच्या खोलीच्या मधे तेव्हा विटांची भिंत नव्हती, लाकडी फळ्या होत्या. कापूस आतल्या आत धुमसत पलंगाखालून फळीपर्यंत पोचला होता आणि फळीने पेट घेतला होता शेजाऱ्यांच्या बाजूने, त्यांच्या मुलाच्या पुस्तकांमागे. सगळ्यांनी मिळून पाणी ओतलं. कुणाला काही झालं नाही. गादी चौकात नेऊन टाकली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत धुमसत होती.

दाजी रडला. आई त्याला म्हणाली, "तू काय मुद्दाम केलंस?" आणि तेवढ्यावर विषय संपला. मला मात्र तो तपकिरी त्रिकोण आठवत राहिला. चूक एका जागी झाली, दिसली दुसऱ्या जागी, आणि मधला सगळा वेळ आम्ही घरात वावरत होतो. शिवाय ज्याच्यावर नजर ठेवली त्याने काही केलं नाही. केलं ते ज्याच्यावर नजर ठेवायचं मनातही आलं नाही त्याने, आणि तो तर आमच्यापैकी सगळ्यात प्रामाणिक.

मी सॉफ्टवेअरमध्ये गेले हे कळल्यावर गादीवाला काय म्हणाला असता कोण जाणे, पण मी तिथेही त्याच्याच जागेचा विचार करत बसते. परळला, जिथे एकेकाळी गिरणीचा भोंगा व्हायचा तिथे आता काचेची इमारत आहे आणि तिच्या आत आमचं ऑफिस आहे. आम्ही रुग्णालयांच्या रक्तपेढ्यांसाठी प्रोग्राम बनवतो. कुठल्या पिशवीत कुठल्या गटाचं रक्त आहे, ती कधी खराब होणार, कुणाला दिली, याची सगळी नोंद त्यात. पण प्रत्येक रुग्णालयाला वर काहीतरी जास्तीचं हवं असतं. एकाला लेबलं छापायची असतात, दुसऱ्याला रक्तदात्यांना मेसेज पाठवायचे असतात. ते सगळं आम्ही लिहीत बसत नाही. बाहेरची माणसं छोटे छोटे प्रोग्राम लिहून आणतात आणि ते आमच्या प्रोग्रामला जोडले जातात. त्यांना प्लगइन म्हणतात.

आता ही बाहेरची माणसं कोण, कशी, किती झोप घेऊन लिहितात, मला काय माहीत? त्यांचा प्रोग्राम आमच्याच मेमरीत येऊन बसला आणि तिथे त्याचा हात घसरला, तर तो शेजारच्या रकान्यात लिहून मोकळा. आणि शेजारच्या रकान्यात कुणाचा तरी रक्तगट असतो. म्हणून मी भिंत घालते. प्लगइनला त्याची स्वतःची वेगळी जागा द्यायची. त्याला माहिती हवी तर ती आतून मोजून बाहेर द्यायची, त्याने काही परत दिलं तर ते तपासून आत घ्यायचं. तो कोसळला तर त्याच्या जागेत कोसळावा, आतल्याला धक्का नाही. याला मोठी मोठी नावं आहेत. मी पहिल्यापासून गॅलरी म्हणते, आणि आता ऑफिसात सगळेच म्हणतात, त्यांच्यातल्या निम्म्यांनी चाळ बघितलेली नाही.

आणि मग एका वर्षी मंगेश आला.

मंगेश माझा मामेभाऊ. वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेला, माझ्याच वयाचा. मला सायकल त्याने शिकवली, म्हणजे मागून धरतो सांगून सोडून दिली. त्याची नोकरी गेली होती आणि त्याने स्वतःचं काहीतरी सुरू करायचं ठरवलं होतं. त्याने एक प्लगइन लिहिलं. तापाच्या दिवसांत प्लेटलेट्सची मागणी वाढली की ते रक्तदात्यांच्या यादीतून योग्य गटाची, जवळ राहणारी माणसं शोधून त्यांना मेसेज पाठवायचं. कल्पना खरंच चांगली होती. परळच्या एका रुग्णालयाला ती आवडली, आणि ते रुग्णालय आमचाच प्रोग्राम वापरत होतं. म्हणजे मंगेशचं लेकरू माझ्या दारात येऊन उभं राहिलं.

मी ते गॅलरीत बसवलं. जसं सगळ्यांचं बसवते तसं.

भिंतीचा एक तोटा असतो. प्रत्येक गोष्ट दारातून तपासून जायची म्हटलं की वेळ लागतो. रुग्णालयाच्या लोकांसमोर मंगेशने प्लगइन चालवून दाखवलं तेव्हा यादी यायला जरा रेंगाळली. फार नाही, पण चार माणसं पडद्याकडे बघत गप्प बसलेली असली की तेवढंही फार वाटतं. त्यातल्या एकाने घड्याळ पाहिलं. बाहेर आल्यावर मंगेश मला जिन्यात गाठून म्हणाला, "शुभे, मला आत घे ना यार. आत असलो तर झटक्यात येईल."

"आत कुणालाच नाही घेत."

"कुणालाच म्हणजे? मी कुणीपण आहे का?"

"प्रोग्रामला कुठे माहितीये तू कोण आहेस ते?"

"तुला माहितीये ना!" तो म्हणाला. आणि मग, आवाज खाली आणून, "गॅलरीत बसवलंस मला. गादीवाल्यासारखं."

त्याला त्या शब्दाचा नेमका अर्थ कळत होता, तोही चाळीतलाच.  मी म्हटलं, "तू चोर आहेस असं मी म्हटलंय का? चूक कुणाकडूनही होते."

"मग तुझं काय?" त्याने विचारलं. "तू लिहिलेलं कुठे बसतं?"

"ते मूळ प्रोग्राममधलंच आहे रे. ते आतच असणार."

"वा!" तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

आमच्या सरांनीही सांगून पाहिलं. "तुझा भाऊ आहे ना? तू ओळखतेस. मग एवढा एक घे आत, सीझन निघून जाईल." मी नाही म्हटलं. ओळखते म्हणूनच नाही म्हणते, हे मनात आलं ते गिळलं. मंगेश घाईत कसा लिहितो हे मला शाळेपासून माहीत होतं, तो गणिताचा पेपर वेळेआधी द्यायचा आणि बाहेर आल्यावर त्याला चुका आठवायच्या.

सरांचं ठीक होतं. आईचं मला अनपेक्षित होतं. मामीचा फोन येऊन गेला होता. मी घरी आले तर आई स्टुलावर बसलेली, तोंड दाराकडे, काटा नव्हता एवढंच.

"मंगेशाक भायर बसवलंस?"

"आई, ते प्रोग्रामचं आहे, तुला नाही कळायचं."

"माका सगळा कळता. घरचो झील तो. तेका परक्यावांगडा बसवतंस? तुझो मामा असतो तर काय म्हणालो असतो?"

"गादीवाल्याचा कापूस तोलायचीस ना तू?"

"तो गादीवालो होतो गो!" आई म्हणाली. "शिरा पडो तुझ्या त्या कम्प्युटरावर."

आणि तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायची, पण डाव आपटून. मला राग आला आणि वाईटही वाटलं. जिने मला संशय घ्यायला शिकवलं तिचा संशय उंबऱ्यापाशी संपत होता, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं. आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं. आपल्या गावचा, आपल्या घरचा म्हटला की काटा माळ्यावर जातो. नोकरीला लावायचा असो, खोली भाड्याने द्यायची असो, लग्न जुळवायचं असो, "आपल्यातलाच आहे" एवढ्यावर दारं सताड उघडतात. यात माया आहे, मला ती कळते. मीही त्याच मायेवर वाढले आहे.

त्या वर्षी ऑक्टोबरात ताप फार होता. गल्लीत संध्याकाळी धुराची गाडी फिरायची आणि गोड, रॉकेलसारखा वास घराघरांत शिरून भातापर्यंत पोचायचा. नवरात्रातल्या मंडपामागे रिकाम्या शहाळ्यांचा ढीग. फळवाल्याकडे पपईपेक्षा पपईची पानं जास्त खपत होती. कुणी साधं "अंग दुखतंय" म्हणालं तरी सगळे त्याच्याकडे असं बघायचे, की त्याने लगेच "कालच्या दांडियाने" असं पुढे जोडावं. रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी कामासाठी जायचे तेव्हा प्लेटलेट्सच्या पिवळट पिशव्या एका यंत्राच्या कप्प्यांत हलकेच झुलत ठेवलेल्या दिसायच्या. त्या सतत हलत्या ठेवाव्या लागतात. बाहेर बाकावर नातेवाईक बसलेले, हातात चिठ्ठी, आणि नजर त्या दाराला चिकटलेली. ती नजर मी ओळखायचे. त्या माणसांना कुणावर संशय घ्यायचीही सोय नव्हती.

मंगेशचं प्लगइन चालू झालं, गॅलरीतूनच. रेंगाळत का होईना, मेसेज जात होते, रक्तदाते येत होते. मंगेश रुग्णालयात जाऊन यायचा, मला फोन करायचा नाही.

मग एके दुपारी रक्तपेढीतल्या राऊत मॅडमचा फोन आला. तिथल्या तंत्रज्ञ, बोलण्यात कधी घाई नाही. "तुमचं ते मेसेजवालं बसलं हो. यादीच येत नाहीये. बाकी सगळं चालू आहे. आम्ही हातानेच फोन लावतोय, पण बघा जरा."

बाकी सगळं चालू आहे, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मला हसू आलं. त्या चार शब्दांसाठी मी घरात आपटलेले डाव ऐकत होते.

कारण सापडायला वेळ लागला नाही. एका नव्या रक्तदात्याने आपला पत्ता भरला होता. खोली, माळा, चाळ, अमुक व्यायामशाळेच्या मागे, तमुक दूध केंद्राच्या समोर, जुन्या पिठाच्या गिरणीजवळ, नाका, रस्ता, मग भोईवाडा, मग परळ, आणि शेवटी वडिलांच्या नावाने विचारावे. आपल्याकडे पत्ता असाच असतो, पोस्टमनला घरापर्यंत हात धरून नेणारा. आणि मंगेशने पत्त्यासाठी आखून ठेवलेली जागा एखाद्या सुटसुटीत बंगल्याच्या पत्त्यापुरती होती. बीडीडी चाळीत वाढलेल्या मुलाने! ज्याचा स्वतःचा पत्ता शाळेच्या फॉर्मवर मावायचा नाही, समासात लिहावा लागायचा. कुठल्या तरी इंग्रजी पुस्तकातलं उदाहरण समोर ठेवून त्याने लिहिलं असणार, आणि उदाहरणातला माणूस चाळीत राहत नसणार. पत्ता जागेत मावला नाही, तसाच पुढे लिहिला गेला, भिंतीवर आदळला, आणि प्लगइन जागच्या जागी पडलं.

मंगेशला मी फोन केला. तो ऑफिसात आला, दाढी वाढलेली. पत्ता पाहिला आणि कपाळाला हात लावला. "च्यायला," तो म्हणाला. "सॉरी. दुरुस्त करतो आत्ता." मग थोडं थांबून, "पण शुभे, आत असतं तरी पडलंच असतं ना? तेवढंच झालं असतं."

इथे मी गप्प बसू शकले असते. पण माझा स्वभाव. मी एका वेगळ्या मशीनवर त्याचं जुनं प्लगइन आत घातलं, बिनभिंतीचं. खोट्या पिशव्या, खोटी नावं भरली. मग तोच पत्ता दिला.

काही पडलं नाही. यादी झटक्यात आली, रेंगाळली नाही. मंगेश पुढे वाकून हसलासुद्धा. "बघ!"

"पिशव्या बघ," मी म्हटलं.

त्याने पिशव्यांचा पडदा उघडला. एका पिशवीचा गट बदलला होता. तिथे वेडंवाकडं काही आलं असतं तर कुणीही हटकलं असतं. पण तिथे एक व्यवस्थित, नीटनेटका रक्तगट दिसत होता. फक्त दुसराच. आत गट एकाच अक्षराच्या खुणेने लिहिलेला असतो, आणि पत्त्यातलं ओसंडलेलं अक्षर दुसऱ्या गटाची खूण ठरलं होतं. रुग्णाला चढवण्याआधी पुन्हा तपासतात, हे मला ठाऊक आहे, राऊत मॅडमसारखी माणसं तपासतातच. पण त्या ऑक्टोबरात ती माणसं किती थकलेली होती, हेही मी पाहिलं होतं.

मंगेशने त्या गटावर बोट ठेवलं. "ही पिशवी कुणाची?" त्याने विचारलं.

"कुणाची नाही. मी आत्ता बनवलेली."

"हां," तो म्हणाला. त्याच्यासाठी मागवलेला चहा तसाच राहिला. तो निघून गेला आणि मला वाटलं, आता हा माझ्याशी कधी बोलणार नाही. मी जिंकले होते, आणि जिंकल्याचं सांगायला घरात बोलणारं कुणी नव्हतं. आईला मी काही सांगितलं नाही. "तुझ्या भाच्याची चूक निघाली" हे वाक्य कुठल्याही सुरात म्हटलं तरी वाईटच लागलं असतं. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून मी समोरच्या उघड्या दारांकडे बघत राहिले. मुलं या घरातून त्या घरात पळत होती, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, पेडणेकर काकूंनी मला न विचारता हातात वाटीभर साबुदाण्याची खीर ठेवली. मी ती तपासल्याशिवाय खाल्ली. असं रोजच होतं, म्हणून बाकीच्या वाट्या आठवत नाहीत. ती वाटी मात्र आठवते.

मंगेशने दुरुस्त केलेलं प्लगइन ईमेलने पाठवलं, खाली नुसतं नाव. मी ते पुन्हा गॅलरीत बसवलं. त्याने आत घे म्हटलं नाही, मीही विषय काढला नाही.

दिवाळी तोंडावर आली होती, चकलीचा वास सुटला होता, तेव्हा मामीचा फोन आला. मंगेशची बायको रूपाली तापाने फणफणली होती, प्लेटलेट्स झपाट्याने उतरत होत्या, आणि तिला त्याच रुग्णालयात दाखल केलं होतं. आई तशीच निघाली. हातात पिशवी, पिशवीत पेज, दारात थांबून माझ्याशी इतक्या दिवसांनी बोलली ते एवढंच, "तू तुझ्या कामार जा. थंय हास्पिटलात तुझी गरज आसा काय?" मला ते टोचून बोललेलं वाटलं. नंतर वाटलं, ती खरंच विचारत असावी.

मी ऑफिसात जाऊन बसले. समोर काम होतं, दिसत काही नव्हतं. दुपारी मंगेशचा फोन आला. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती, कुणीतरी कुणाला नावाने हाका मारत होतं.

"शुभे, पिशवी मिळाली. आता लावतील."

"रूपाली कशी आहे?"

"झोपलीये. आई, आत्या आहेत जवळ." मग त्याने आवाज खाली आणला.  "मी रक्तपेढीच्या दारात उभा आहे. मॅडम नंबर टाकतायत कम्प्युटरवर. शुभे, माझं अजून बाहेरच आहे ना?"

"बाहेरच आहे."

"नक्की? कुणी आत घेतलं नाही ना मधे? बघून सांग."

मी सकाळीच पाहिलं होतं. तरी त्याला फोनवर ठेवून पुन्हा पाहिलं. "बाहेरच आहे, मंग्या. भिंत आहे."

"बरं," तो म्हणाला. मला वाटलं ठेवेल. त्याने ठेवला नाही.

"आणि तुझं?"

 जिन्यात त्याने हेच विचारलं होतं, तेव्हा मी झटकन उत्तर दिलं होतं. 

"माझं आत आहे," मी म्हटलं. "त्याला भिंत नाही. कुणाचं तरी आत असावंच लागतं रे."

पलीकडे पुन्हा ती चाकं वाजली. "मग फोन ठेव," मंगेश म्हणाला, "आणि बघ."

मी फोन ठेवला. मीच लिहिलेलं उघडलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं, कुणा परक्याने लिहिलेलं असावं तसं.